हा कागद कोणासाठी उघडा आहे?

हे वाचताना घाई करू नका. एका बैठकीत संपले नाही तरी चालेल. पुढे सात पाने येतील. त्यांतली बहुतेक जर्मनीच्या ग्रंथसंग्रहांतली किंवा दफ्तरखान्यांतली आहेत. काही आज घरबसल्या पडद्यावर पाहता येतात, काही काचेआड आहेत, काही अर्धी जळालेली, तर काही फाडून पोत्यात भरलेली. पान समोर आले की आधी नुसते पाहा. त्याचा अर्थ लावण्याचे काम नंतर.

जर्मनीची ओळख आपल्याला बहुधा ठळक नावांतून झालेली असते. गटे, बेथोवन, मार्क्स, हिटलर, बर्लिनची भिंत. नावे मोठी असली की मत चटकन तयार होते. कोणी म्हणतो, केवढा विद्याव्यासंगी समाज. कोणी म्हणतो, केवढे क्रौर्य. कागदांपाशी बसले की दोन्ही मते डळमळू लागतात, कारण तिथे व्यासंग आणि क्रौर्य एकाच कपाटात सापडतात. म्हणून मत बाजूला ठेवू आणि एक प्रश्न सोबत घेऊ. हा कागद कोणासाठी उघडा आहे? प्रत्येक पानाशी तो मनात धरा. उत्तराची ओढ लागली तरी थोडे थांबा.

पहिले पान

ग्योटिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात योहानेस गुटेनबर्गच्या बायबलची एक प्रत आहे. माइंझ शहरात १४५४च्या सुमारास छापलेली, चर्मपत्रावरची, दोन खंडांची, संपूर्ण. त्या वेळी सुमारे १८० प्रती छापल्या गेल्या असाव्यात. त्यांतल्या ४९ आज ज्ञात आहेत, आणि चर्मपत्रावरच्या संपूर्ण प्रती जगात अवघ्या चार.

एक पान डोळ्यांसमोर आणा. मजकुराचे दोन स्तंभ, प्रत्येकात ४२ ओळी. अक्षरे काळीभोर, टोकदार, एकमेकांना चिकटून उभी. ती यंत्राने उमटवली आहेत. पण समासातली वेलबुट्टी आणि मोठी आद्याक्षरे हाताने रंगवली आहेत. म्हणजे यंत्राचे काम संपले त्याच पानावर हाताचे काम सुरू झाले. वेलबुट्टीतली पाने कशी रेखाटायची, कोणता रंग आधी द्यायचा, हे पायरीपायरीने सांगणारी चित्रकारांची एक छोटी वहीही याच ग्रंथालयात जपलेली आहे.

आता त्याच संग्रहातला तिसरा कागद पाहा. तो सुंदर नाही. ६ नोव्हेंबर १४५५ रोजी नोटरीने लिहिलेला तो दस्तऐवज आहे. योहान फुस्ट नावाच्या धनिकाने गुटेनबर्गला दोनदा ८००-८०० गुल्डन दिले होते. ती रक्कम व्याजासह परत मिळावी म्हणून दावा झाला, त्याची ही नोंद. बायबलवर गुटेनबर्गचे नाव कुठेही छापलेले नाही. त्याने पुस्तकांचे मोठे काम हाती घेतले होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे हे कर्जाचे भांडण.

इथे थोडे रेंगाळा. ज्या माणसाच्या कामाने युरोपचे वाचन बदलले, त्याची आठवण धनकोने टिकवली. त्याची स्तुती करायला तो कागद लिहिलेला नव्हता. तरी कोणीतरी तो सांभाळला, पुढे विद्वानांनी तो वाचला, आणि २००१मध्ये युनेस्कोने बायबल, चित्रकाराची वही आणि हा दावा, तिन्ही एकत्र जागतिक स्मृतीच्या नोंदीत घेतली. एकेकाळी दोन पक्षांपुरता असलेला कागद आज कोणालाही पाहता येतो. कागद ज्याच्यासाठी लिहिला जातो त्याच्यापाशीच तो थांबत नाही, एवढे या पानावरून ध्यानात घ्या.

दुसरे पान

उत्तरेकडे वोल्फेनब्युटेल हे लहानसे गाव आहे. तिथे सतराव्या शतकात ऑगस्ट नावाचा ड्यूक राहत होता. तीस वर्षांच्या युद्धाने, १६१८ ते १६४८, जर्मन भूमीची राखरांगोळी केली. गावे ओस पडली, उपासमार आणि साथी यांनी लाखो माणसे गेली. त्या काळात हा ड्यूक पुस्तके जमवत होता. वेगवेगळ्या शहरांतले त्याचे हस्तक त्याला ग्रंथ धाडत. त्याने संग्रहाची वीस विषयांत मांडणी केली आणि हजारो पानांच्या सूचीतला बराच भाग स्वतः लिहून काढला. त्यासाठी एक मोठे लाकडी चाक बनवून घेतले होते. सूचीचे जाडजूड खंड त्यावर उघडे राहत, आणि चाक फिरवले की हवा तो खंड समोर येई. ते चाक आजही तिथे आहे. १६६६मध्ये तो वारला तेव्हा संग्रहात सुमारे १,३५,००० मुद्रिते होती.

त्या माणसाचा हात मनात आणा. बाहेर युद्ध चालू आहे आणि हा एकेका पुस्तकाचे नाव वहीत उतरवतो आहे. हे पलायन म्हणावे की प्रतिकार? मनात जे उत्तर येईल ते येऊ द्या, पण त्याला चिकटू नका. कारण या कथेचा दुसरा भाग शंभर वर्षांनी येतो.

१७७०मध्ये गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग इथे ग्रंथपाल म्हणून आला. हँबर्गचे विद्वान हेरमान रायमारुस यांनी बायबलमधल्या चमत्कारांची बुद्धीच्या कसोटीवर कठोर तपासणी केली होती, पण ते लेखन हयातीत छापायचे धाडस त्यांनी केले नाही. ते वारल्यावर त्यांच्या मुलांकडून हस्तलिखित लेसिंगच्या हाती आले. १७७४पासून लेसिंगने त्याचे भाग छापायला सुरुवात केली. लेखकाचे नाव उघड करायचे नव्हते, म्हणून ते ग्रंथालयात सापडलेले एका अज्ञात माणसाचे लेखन आहे असे सांगितले. धर्मपंडित खवळले. १७७८मध्ये तेव्हाच्या ड्यूकने लेसिंगची छपाईची सवलत काढून घेतली आणि या वादावर लिहायला बंदी घातली.

मग तो नाटकाकडे वळला. १७७९मध्ये ‘शहाणा नाथान’ हे नाटक प्रसिद्ध झाले. स्थळ जेरुसलेम, काळ धर्मयुद्धांचा, आणि ज्यू, ख्रिश्चन व मुसलमान माणसे एकमेकांची नाती शोधत आहेत. ते रंगमंचावर आलेले पाहायला लेसिंग राहिला नाही. १७८१मध्ये तो गेला. नाझी राजवटीत हे नाटक जर्मन रंगभूमीवरून हद्दपार झाले. १९३३मध्ये, कामावरून काढून टाकलेल्या ज्यू कलावंतांनी बर्लिनमध्ये स्वतःची संस्था काढली तेव्हा पहिला प्रयोग याच नाटकाचा केला. आणि १९४५च्या सप्टेंबरात, ढिगाऱ्यांनी भरलेल्या बर्लिनमध्ये डॉइचेस थिएटर पुन्हा उघडले तेही याच नाटकाने.

ड्यूक ऑगस्टने पुस्तके जमवली. लेसिंगने त्याच ग्रंथालयाच्या नावाचा आडोसा घेऊन न छापलेले विचार लोकांपुढे आणले. पहिल्याला पैसा आणि चिकाटी लागली, दुसऱ्याला धैर्य. प्रश्न पुन्हा मनात आणा. कागद कोणासाठी उघडा आहे? इथे उत्तर असे दिसते की कोणीतरी धोका पत्करून उघडेपर्यंत तो बंदच होता.

तिसरे पान

वायमार. अॅना अमालिया या राजमातेने १७६६मध्ये राजघराण्याची पुस्तके एका महालात आणली आणि तिथे पांढऱ्या-सोनेरी, लंबवर्तुळाकार दालनाचे सुंदर ग्रंथालय उभे राहिले. १७९७पासून १८३२मध्ये मृत्यू येईपर्यंत गटे या ग्रंथालयाची देखरेख करत होता.

२ सप्टेंबर २००४ची संध्याकाळ. छताला आग लागली. दुरुस्तीचे काम व्हायचे होते आणि पुस्तके हलवण्याची तयारीही सुरू होती. ती वेळ यायला काही आठवडे उरले होते. कर्मचारी, अग्निशामक दलाचे जवान आणि गावातले लोक रांग करून उभे राहिले आणि हातोहात पुस्तके बाहेर येऊ लागली. ग्रंथालयाचे संचालक मिशाएल क्नोखे यांनी १५३४ची लुथरची बायबल बाहेर काढली. सुमारे ५०,००० पुस्तके जळून गेली. आणखी ६२,००० पुस्तके आग, धूर आणि विझवायला वापरलेले पाणी यांनी खराब झाली.

पुढे काय झाले ते सावकाश वाचा. भिजलेली पुस्तके लाइपझिगला नेऊन गोठवली, कारण ओल्या कागदाला बुरशी धरते. मग ती निर्वात कक्षात ठेवली. तिथे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, आणि कागद फुगत नाही की शाई पसरत नाही. उरली ती कडेने कोळसा झालेली पुस्तके. तिथले लोक त्यांना राखेची पुस्तके म्हणतात. मिटलेल्या पुस्तकात हवा शिरत नाही, म्हणून कडा जळाल्या तरी मधला मजकूर पुष्कळदा शाबूत राहतो. वायमारजवळच्या कार्यशाळेत २००८पासून ही पुस्तके सोडवली जात आहेत. एकेक पान अलग करायचे, पाण्यात धुवायचे, जळून गेलेल्या कडेच्या जागी कागदाचा लगदा बसवून पान पुरे करायचे, वरून जाळीसारखा पातळ जपानी कागद लावायचा. अशी लाखो पाने.

नवी कड कोरी असते. गेलेला शब्द तिथे कोणी लिहीत नाही. जे हरवले ते हरवले म्हणून दिसू देणे, आणि तरीही पान हाताळता येईल इतके बळकट करणे, हा या कामाचा नियम आहे. आपल्या आठवणींशी आपण असे वागतो का, हे स्वतःला विचारून पाहा. हरवलेल्या जागी आपण बहुधा सोयीचे काहीतरी भरून टाकतो.

आणखी एक गोष्ट इथे मनाआड करता येत नाही. याच गावालगतच्या एटर्सबर्ग टेकडीवर १९३७मध्ये बूखेनवाल्ड ही छळछावणी उभी राहिली. तिथे सुमारे ५६,००० माणसे मेली. गटेने जपलेले ग्रंथालय आणि ती छावणी यांच्यात दहा किलोमीटरही अंतर नाही. चांगल्या पुस्तकांच्या शेजारी राहिल्याने समाज आपोआप चांगला होत नाही. हे वाक्य पटकन ओलांडून जाऊ नका.

चौथे पान

बर्लिनमध्ये विद्यापीठासमोर एक मोकळे पटांगण आहे. आज त्याला बेबेलप्लात्झ म्हणतात. १० मे १९३३च्या रात्री तिथे वीसेक हजार पुस्तके जाळली गेली. त्याच सुमारास इतर वीसहून अधिक विद्यापीठनगरांतही होळ्या पेटल्या. बर्लिनच्या ढिगात माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकताविज्ञान संस्थेचे लुटलेले ग्रंथही होते. लेखक एरिश केस्टनर गर्दीत उभे राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहत होते.

हे करणारे अडाणी गुंड होते असे आपल्याला वाटते. पण मोहिमेचा पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता. कोणती पुस्तके काढायची त्याच्या काळ्या याद्या वोल्फगांग हेरमान नावाच्या ग्रंथपालाने केल्या होत्या. सूची करण्याचे तेच कसब, जे ड्यूक ऑगस्टच्या हातात होते.

तेव्हा लाइपझिगमध्ये आणखी एक काम चालू होते. १९१२मध्ये स्थापन झालेल्या डॉइचे ब्युखेराइ या ग्रंथालयाने १ जानेवारी १९१३पासून जर्मन भाषेत जे जे छापले जाईल ते ते गोळा करायचे ठरवले होते. चांगले-वाईट न पाहता. नाझी काळात तिथली बंदी घातलेली पुस्तके वाचकांच्या हातून काढून कुलपात ठेवली गेली. वाचणे बंद झाले, पण ती नष्ट झाली नाहीत. युद्धानंतर फ्रांकफुर्टमध्ये असेच ग्रंथालय सुरू झाले आणि परागंदा झालेल्या लेखकांच्या साथीने तिथे निर्वासित साहित्याचा संग्रह उभा राहिला. देशाबाहेर हाकललेल्यांनी पॅरिस, लंडन, न्यू यॉर्क, मेक्सिको इथे राहून जर्मनमध्ये जे लिहिले, ते परत देशाच्या ग्रंथालयात आले. दोन्ही ग्रंथालये १९९०मध्ये एक झाली. आज ते जर्मनीचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे.

आता एक साधे पुस्तक मनात आणा. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईने एका माणसाचे नाव लिहिले आहे. जर्मन ग्रंथालयांत अशी हजारो पुस्तके निघाली, जी ज्यू कुटुंबांच्या घरांतून, कामगार संघटनांतून, व्याप्त देशांतून लुटून आणली होती आणि दशकानुदशके इतर पुस्तकांसारखीच कपाटात उभी होती. ग्रंथालयांचे कर्मचारी आज त्या सह्या, शिक्के, नावाच्या चिठ्ठ्या एकेक करून तपासतात, वारस शोधतात आणि पुस्तक परत देतात. बाजारात त्याची किंमत पुष्कळदा अगदी थोडी असते. पण वारसाच्या हाती आजोबांचे अक्षर येते.

बेबेलप्लात्झच्या फरशीत एक काच बसवली आहे. शिल्पकार मिखा उलमान यांनी १९९५मध्ये केलेले हे स्मारक. खाली पांढरी, रिकामी कपाटे आहेत. त्यांत २०,००० पुस्तके मावतील एवढी जागा आहे. प्रश्न पुन्हा मनात घ्या, आणि या वेळी त्याची दुसरी बाजूही पाहा. कागद कोणापासून हिरावला गेला?

पाचवे पान

बेथोवनच्या नवव्या सिम्फनीचे त्याच्या हातचे हस्तलिखित. ओळी वाकड्यातिकड्या, सूर खोडलेले, समासात घाईच्या खुणा. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा त्याला ऐकू येत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा बर्लिनच्या प्रशियन राज्य ग्रंथालयाने आपला ठेवा मठांत, किल्ल्यांत आणि खाणींत अशा तीसेक ठिकाणी हलवला. युद्ध संपले आणि सीमा बदलल्या. सायलेशियातल्या मठात ठेवलेल्या पेट्या आता पोलंडमध्ये होत्या. त्या क्राकावच्या यागिएलोनियन ग्रंथालयात गेल्या. पश्चिमेला हलवलेली पुस्तके पश्चिमेतच राहिली. नवव्या सिम्फनीची पाने अशी विभागली गेली. पोलंडने १९७७मध्ये काही हस्तलिखिते पूर्व जर्मनीला दिली, त्यांत या सिम्फनीचा भाग होता. तरी भिंतीमुळे एका रचनेची पाने एका शहराच्या दोन बाजूंना राहिली. दोन्ही बाजूंची ग्रंथालये १९९२मध्ये एक झाली आणि ती पाने पुन्हा एका संग्रहात आली.

मोझार्टची आणि बेथोवनची बरीच हस्तलिखिते अजून क्राकावमध्येच आहेत. ती जर्मनीला परत मिळावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हेही शेजारी ठेवून पाहा: १९४४मध्ये वॉर्साचा उठाव मोडल्यावर जर्मन सैन्याने क्रासिन्स्की ग्रंथालय मुद्दाम पेटवले आणि पोलंडची शतकांची हस्तलिखिते राख झाली. ती कोणीही परत देऊ शकत नाही. दोन दुःखे समोरासमोर आहेत. त्यांचा हिशेब जुळवण्याची घाई करू नका. आज क्राकावमध्ये जगभरचे अभ्यासक ती हस्तलिखिते पाहू शकतात. मालकी कोणाची हा वाद मिटलेला नसतानाही कागद उघडा राहू शकतो, हे या पानाचे सांगणे आहे.

सहावे पान

हे पान फाटलेले आहे. हाताने, घाईघाईने.

पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडे, स्टासीकडे, १९८९मध्ये सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी होते आणि पावणेदोन लाखांच्या आसपास खबरी. शेजारी, सहकारी, मित्र, क्वचित नवरा किंवा बायको. भिंत पडली तेव्हा अधिकारी कागद नष्ट करू लागले. यंत्रे पुरी पडेनात, तेव्हा हातांनी फाडू लागले. ४ डिसेंबर १९८९ रोजी एर्फुर्टमध्ये धुरांड्यातून निघणारा धूर पाहून नागरिक स्टासीच्या कार्यालयात शिरले. पुढाकार स्त्रियांचा होता. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनचे मुख्यालय लोकांनी ताब्यात घेतले. हाती लागले ते १११ किलोमीटर लांबीचे कागद आणि सुमारे १६,००० पोती फाटलेले तुकडे.

मग वाद झाला. हे सगळे जाळून टाकावे, नाहीतर सूडाची आग भडकेल, असे काहींना वाटत होते. काहींना ते दूरच्या दफ्तरखान्यात कुलूपबंद हवे होते. सप्टेंबर १९९०मध्ये कार्यकर्त्यांनी मुख्यालयात शिरून उपोषण केले. मागणी एवढीच: ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला आपली फाईल वाचता यावी. डिसेंबर १९९१मध्ये तसा कायदा झाला आणि २ जानेवारी १९९२ रोजी लोक आपापल्या फायली वाचायला बसले. तेव्हापासून तीस लाखांहून अधिक अर्ज सामान्य नागरिकांकडून आले. पाळत ज्याच्यावर होती त्याला खबऱ्याचे नाव कळू शकते; त्रयस्थ माणसांची नावे मात्र काळी करून दिली जातात. फाटलेले तुकडे १९९५पासून हाताने जुळवले जात आहेत आणि लाखो पाने पुन्हा उभी राहिली आहेत. भीती होती तसे सूडसत्र झाले नाही.

कल्पना करा, वाचनकक्षात एक माणूस बसला आहे. समोर त्याच्याच आयुष्याची फाईल. त्यात त्याच्या जेवणाच्या वेळा आहेत, त्याच्या घरी आलेल्या पाहुण्यांचे कपडे आहेत, आणि एका टोपणनावाआड त्याचा जिवलग मित्र आहे. वाचून त्याला शांती मिळाली असेलच असे नाही. पण आपल्याबद्दल राज्याला काय माहीत होते, हे आता त्यालाही माहीत आहे. ज्या कागदाने त्याला कैद केले होते त्याचा मालक तो झाला.

इथे डोळे मिटून प्रश्न विचारा. लिहिताना हे पान कोणासाठी उघडे होते? आज कोणासाठी आहे? मधले अंतर कोणी पार केले? सरकारने ते आपणहून दिले नव्हते. थंडीत दारात उभ्या राहिलेल्या माणसांनी ते मागून घेतले.

सातवे पान

शेवटचे पान आपल्या जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन संस्कृत पंडित पुण्या-मुंबईत शिकवायला आले. मार्टिन हौग पुण्यात होते. त्यांनी जमवलेल्या पोथ्या पुढे म्युनिकच्या ग्रंथालयात गेल्या. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६पासून डेक्कन कॉलेजात होते आणि नंतर ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. तेच ग्योटिंगेन, जिथे पहिले पान आहे. त्याच विद्यापीठाने १८८५मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणखी एक जर्मन पंडित ब्यूलर, कीलहॉर्न आणि भांडारकर यांनी सरकारी मोहिमेत गावोगावहून मिळवलेल्या पोथ्या आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत. ज्या वर्षी वायमारचे ग्रंथालय जळाले, त्याच वर्षी ५ जानेवारीला या संस्थेवर हल्ला झाला आणि पुस्तकांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. नंतर अनेकांनी येऊन विखुरलेली पाने गोळा केली. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी आग अपघाताने लागली, दुसरीकडे माणसांनी ठरवून हात उचलला.

आणि एक नाव, ‘युगान्त’मुळे घरोघरी पोहोचलेले. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथल्या दालेम भागातल्या मानववंशशास्त्र संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. मानवी कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष लिहिला. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविज्ञानाची आधारस्तंभ झाली. आउशवित्झमधून योसेफ मेंगेलेने पाठवलेले मानवी अवशेष तिथे येत. परक्या भाषेत, परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध एका पंचविशीतल्या मराठी स्त्रीने मोजलेले आकडे मात्र कागदावर राहिले. ते खरे होते.

आता मिटताना

सातही पाने एकदा मनातून फिरू द्या. कर्जाचा दावा, ड्यूकची सूची, जळकी कड, कोऱ्या पानावरची सही, विभागलेली सिम्फनी, जोडलेली फाईल, कवटीची मापे.

जर्मन समाजाने नोंदी फार नेटाने ठेवल्या, हे खरे आहे. पण नोंद ठेवण्याच्या सवयीने ज्ञान जपले तसे छळाचे यंत्रही चालवले. त्यामुळे केवळ जपण्याला पुण्य मानता येत नाही. फरक तेव्हा पडला जेव्हा कोणीतरी कागद मागितला किंवा पुढे आणला. लेसिंगने आडोसा घेऊन आणला. एर्फुर्टच्या स्त्रियांनी दार ठोठावून मागितला. लुटलेल्या पुस्तकाच्या मालकाचा वारस शोधणारा कर्मचारी, कोणी विचारायच्या आधीच तो पुढे करतो. प्रत्येक वेळी ज्याच्याकडे किल्ली होती त्याला अडचण झाली, आणि प्रत्येक वेळी उघडण्याने समाजाची स्वतःविषयीची जाण थोडी अधिक खरी झाली.

आपल्याकडेही दफ्तरखाने आहेत. मोडीत लिहिलेले रुमाल आहेत, संस्थांची इतिवृत्ते आहेत, घरांतल्या पेट्यांत पत्रे आणि खतावण्या आहेत. त्यांत अभिमानाचे पुष्कळ सापडेल, आणि मान खाली घालायला लावणारेही: कोणाला विहिरीवर येऊ दिले नाही, कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली, कोणत्या सुनेचे नाव कुठेच लिहिले नाही. पहिल्या प्रकारचे कागद आपण सणाला बाहेर काढतो. दुसऱ्या प्रकारचे कागद मागायला बळ लागते, आणि ते दाखवायला त्याहून जास्त.

या मननातून एकच गोष्ट सोबत न्या. तुमच्या घरातला, गावातला किंवा संस्थेतला असा एक कागद ठरवा, जो तुम्हाला वाचावासा वाटत नाही. तो शोधा, मागा, शेवटपर्यंत वाचा, आणि ज्याच्याविषयी तो लिहिला आहे त्याच्या हाती जाईल अशी व्यवस्था करा.